आधी वाद कुठे आहे ते शोधा

वाचकाला आपलं म्हणणं पटवून देणारा लेख लिहायला शिकताना अलंकारांच्या याद्या पाठ करायला घेतल्या असतील, तर त्या सध्या बाजूला ठेवा. सुरुवातीला तीन गोष्टी पुरेत.

१. मतभेद नेमका कशावर आहे? इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवा. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या हर्मागोरस या ग्रीक वक्तृत्वशिक्षकाने यासाठी प्रश्न लावून दिले: घटना घडली का, तिला म्हणायचं काय, ती योग्य होती का, आणि निवाड्याचा अधिकार कोणाचा? इ.स.पू. ५२ मध्ये रोमन वक्ता सिसेरोने न्यायालयात मिलोची बाजू घेतली; आपला राजकीय वैरी क्लोडियस याच्या खुनाचा आरोप मिलोवर होता. तेव्हा क्लोडियस मारला गेला हे नाकारण्यात अर्थच नव्हता. त्याने सगळा जोर लावला तो सापळा कोणी रचला, यावर. (खटला तो हरला. मांडणी तरीही शिकण्यासारखी आहे.) नवखे लोक मात्र समोरच्याला मान्य असलेलीच गोष्ट चार परिच्छेद सिद्ध करत बसतात.

२. विरोधकाचा सर्वांत भक्कम मुद्दा स्वतःच मांडा, मग खोडा. आपल्या शास्त्रचर्चेतला पूर्वपक्ष आठवा. मुद्दाम कच्चा मुद्दा निवडलात तर वाचक ओळखतो.

३. अ‍ॅरिस्टॉटलने सांगितलेले पटवून देण्याचे तीन मार्ग: विश्वासार्हता, भावना, तर्क. यातल्या भावनेला पहिल्याच ओळीत हात घालू नका. विश्वास बसण्याआधी लेखकाला गहिवर आला की संशय येतो.

पहिला लेख सोसायटीच्या पार्किंगसारख्या छोट्या विषयावर लिहा, एकच पान. ग्रीक-लॅटिन संज्ञा नंतर बघू.