माणसांत असूनही कुणाशीच जोडलेलं वाटत नाही. माझ्यात काही बिघडलंय का?

नाही, बिघडलेलं नाही. तुम्ही लिहिलंय की मित्रांत बसता, हसता, बोलता, पण आतून कोरडे असता आणि घरी आल्यावर स्वतःचाच राग येतो. तो राग मीही वर्षभर बाळगलाय.

बाबा गेल्यावर दुसऱ्या वर्षीचा गणपती. राजापूरजवळच्या आमच्या घरी बावीस माणसं जमलेली. आरतीला झांज माझ्याच हातात होती. ताल एकदाही चुकला नाही, आणि मनात काही म्हणजे काही हललं नाही. सगळी इतकी जीव लावणारी माणसं, आणि मीच दगड झालोय, असं वाटून अपराधी वाटायचं.

त्याच सकाळी मोदकांसाठी नारळ खवायला आत्याने मला विळीवर बसवलं होतं. मध्येच तिने विचारलं, "बरा आहेस ना रे?" "एकदम मस्त" ओठांवर आलं होतं. का कोण जाणे, म्हणालो, "आत्या, मला काहीच वाटत नाहीये." तिने उपदेश केला नाही. करवंटीचा काळा चुरा खोबऱ्यात पडायला लागला होता. ती वाटी तिने माझ्या हातातून काढून घेतली, दुसरी दिली आणि म्हणाली, "भाऊ गेल्यापासून माझंही असंच चाललंय." बाबा तिचे भाऊ होते, हे वर्षभर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

रॉबर्ट वाइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७३ साली एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले: गोतावळा नसणं आणि जिवाभावाचं माणूस नसणं. एकाची उणीव दुसऱ्याने भरत नाही. आरतीत जे हललं नाही ते विळीपाशी का हललं, हे मला त्यातून उमगलं.

म्हणून घोळक्यात जास्त मिसळायची धडपड नका करू. एकच माणूस निवडा, आणि शक्यतो हाताला काम असताना बोला. भाजी निवडताना, गाडी पुसताना. समोरासमोर बसून मन मोकळं करणं मला तरी कधी जमलं नाही.

मात्र झोप-भूक उडाली असेल, किंवा आपण स्वतःलाच बाहेरून बघतोय, आजूबाजूचं खरं नाही, असं आठवडेच्या आठवडे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जाच. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीबेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.