नवी बॅटरी टाकूनही सेल्फ फक्त टक टक करतोय

भाऊ, तुम्ही लिहिलंय त्यावरून समजलं ते असं की १५० सीसी एफआय (फ्यूल इंजेक्शन) गाडी, किक नाही, दोन आठवड्यांपूर्वी नवी बॅटरी टाकली आणि आता परत सेल्फ दाबला की नुसतं टक टक, आणि मेकॅनिक म्हणतोय सेल्फ मोटर बदला. थांबा जरा. मोटर बदलायच्या आधी साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, तीन-चारशेत मिळतो.

टक आवाज येतोय म्हणजे किल स्विच, क्लच स्विच, साइड स्टँडचा स्विच हे सगळं ठीक आहे, कारण त्यातलं काही गेलं असतं तर रिलेपर्यंत (बॅटरीचा करंट सेल्फ मोटरला जोडणारा स्विच) करंटच गेला नसता आणि गाडी गप्प बसली असती. रिले ओढतोय पण मोटर फिरत नाही, म्हणजे गडबड जाड वायरच्या रस्त्यावर आहे नाहीतर बॅटरीत.

रात्रभर गाडी उभी राहू द्या आणि सकाळी चावी न लावता बॅटरीचं व्होल्टेज बघा. १२.६ च्या वर म्हणजे चांगली भरलेली, १२.४ म्हणजे चालेल, १२ च्या आसपास म्हणजे रिकामी. पण एवढ्यावर थांबू नका राव, बहुतेक जण इथेच फसतात. बॅटरी नुसती बसलेली असताना १२.६ दाखवते आणि लोड आला की कोसळते. म्हणून गाडी न्यूट्रलला टाकून, मीटर लावलेलाच ठेवून सेल्फ दाबा. १० च्या खाली पडलं तर बॅटरी कमजोर, किंवा मोटर जॅम होऊन जास्त ओढतेय. आणि जर १२.५ च्या आसपास तसंच राहिलं आणि तरी टकच, तर बॅटरीचा काही दोष नाही, करंट मोटरपर्यंत पोचतच नाहीये.

मग तो कुठे अडलाय ते शोधायचं. मीटर डीसी व्होल्टवरच ठेवा, एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर, दुसरी त्यालाच जोडलेल्या वायरच्या टर्मिनलवर, आणि सेल्फ दाबा. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी जॉइंट खराब. तसंच निगेटिव्ह खांब ते इंजिनची रंग नसलेली बॉडी, इथे ०.३ च्या आत हवं, जास्त आलं तर अर्थिंगची वायर इंजिनला जिथे बोल्टने लावलेली असते तिथे गंज असणार (कोकणात, घाटात पावसाळ्यानंतर हे फार होतं, वरून बोल्ट चकचकीत दिसतो आणि वॉशरखाली पांढरी-हिरवी बुरशी). मग रिलेच्या दोन जाड टर्मिनलच्या मध्ये. टक होतंय आणि तिथे पूर्ण १२ व्होल्ट दिसतायत तर आतले कॉन्टॅक्ट जळलेत, रिले बदला. तो मोटरपेक्षा कितीतरी स्वस्त असतो.

तुमच्या केसमध्ये मला मात्र चार्जिंगचा जास्त संशय आहे, कारण नवी बॅटरी दोन आठवडे चालून मग बसली. गाडी धक्क्याने चालू होत असेल तर बघा, पण एफआयला पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) यांच्यापुरतं व्होल्टेज लागतंच, पूर्ण मेलेल्या बॅटरीवर धक्का मारून नुसता घाम येतो. नाहीतर बॅटरी बाहेर चार्ज करून आणा. गाडी चालू झाली की चार-पाच हजार आरपीएमला बॅटरीवर १३.८ ते १४.५ यायला हवं. १३ च्या खाली असेल तर स्टेटर कॉइल (इंजिनमधली वीज तयार करणारी) किंवा आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, ती वीज डीसी करून व्होल्टेज आवरणारं) खराब. १५ च्या वर असेल तर आरआर गेलंय आणि ते नवी बॅटरीसुद्धा शिजवून टाकेल. बऱ्याच गाड्यांत कॉइलमधून तीन पिवळ्या वायर येतात, कपलर काढून, इंजिन चालू ठेवून जोडीजोडीने एसी व्होल्टेज बघा, तिन्ही जोड्यांत सारखं हवं, आणि इंजिन बंद करून कुठल्याही पिवळ्या वायरची बॉडीशी कंटिन्युइटी यायला नको.

चार्जिंग बरोबर निघालं तर मग चोरी, म्हणजे गाडी बंद असतानाही काहीतरी बॅटरी खातंय. जीपीएस ट्रॅकर, अलार्म, डायरेक्ट बॅटरीवरून काढलेला मोबाईल चार्जर, असलं काही बसवलंय का? चावी बंद, निगेटिव्ह वायर काढून मीटर अँपिअरवर मध्ये जोडा (१० अँपिअरच्या भोकात, आणि त्या वेळी सेल्फला हात लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल, आणि स्वस्त मीटरला त्या भोकात फ्यूज नसेल तर मीटरच जळेल). काही मिलीअँपिअर ठीक आहे. ५० दिसले तर दिवसाला १.२ एएच (अँपिअर-तास) गेले, ४-५ एएचची बॅटरी गाडी न चालवता चार दिवसांत आडवी.

अजून एक, दुकानात ॲसिड भरून लगेच बसवून दिलेली बॅटरी असेल तर तिला पहिलं चार्जिंग मिळालंय का ते विचारा, घाईत ते टाळतात आणि ती बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही.

हे सगळं बरोबर आलं आणि मोटरच्या टर्मिनलवर सेल्फ दाबताना १० च्या वर व्होल्टेज पोचतंय तरी फिरत नाही, तेव्हाच मोटर उघडा. तेव्हासुद्धा आधी कार्बन (मोटरच्या आतले ब्रश) बघायला सांगा, बऱ्याचदा नुसते कार्बन झिजलेले असतात आणि कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) काळा पडलेला, कार्बन बदलून आणि साफ करून काम होतं, अख्खी मोटर लागत नाही.