दिजाँच्या परिषदेनंतरचे चार दिवस: एफडी मोडायची का?

प्रश्न: मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात कंत्राटी सहायक प्राध्यापक आहे, पगार 78 हजार. जूनमध्ये फ्रान्समधल्या दिजाँला मृदाशास्त्राच्या परिषदेत निबंध वाचायचा आहे. विमान, नोंदणी, परिषदेपुरतं हॉटेल महाविद्यालय देणार, पण मागाहून, बिलं लावल्यावर. परिषद गुरुवारी संपते. सोमवारपर्यंत थांबून बरगंडीच्या द्राक्षबागा बघायची इच्छा आहे, नवऱ्यालाही बोलवावंसं वाटतं. त्यांचा पगार घराच्या हप्त्यात जातो. 3 लाखांची एफडी मोडू, की 12 हप्त्यांचं कर्ज काढू?

उत्तर: दोन्ही नको. पण थांबा मात्र जरूर, आणि या खेपेला एकट्याच.

फ्रान्सच्या सहलीत सगळ्यात मोठा आकडा विमानाचा असतो आणि तुमचा तो कॉलेज भरतंय. उरला चार रात्रींचा खर्च. मुक्काम दिजाँलाच ठेवा, द्राक्षबागांमधल्या बोन गावी हलवू नका. लोकल गाडीनं ते वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. माझा अंदाज असा: हॉटेल 380 युरो, जेवण 180, गाडी-बस-सायकल 60, बागांची अर्ध्या दिवसाची सहल 90, वाइन चाखणं आणि प्रवेश तिकिटं 60, बाटल्यांना 60. एकूण 830. युरो 105 रुपयांनी धरला तर 87 हजार. जूनला सहा महिने आहेत. साडेचौदा हजारांची आरडी आजच लावा, प्रश्न मिटला.

मिस्टरांचं गणित वेगळं. त्यांचं तिकीट कोणी देणार नाही. विमान 72 हजार, व्हिसा-विमा 12, पॅरिसहून रेल्वेचं जाऊन-येऊन दहा, तिथला खर्च चाळीस: 1 लाख 34 हजार. परिषदेच्या आडून आलेली ही चक्क वेगळी सहल आहे. कंत्राटी नोकरीत 3 लाख म्हणजे तुमचा जेमतेम चार महिन्यांचा पगार. त्याला सहलीसाठी हात लावू नये. घरात हे ऐकवणं सोपं नाही, माझं नाव पुढे करा.

मला खरी काळजी वेगळ्याच पैशाची आहे. तिकीट, नोंदणी, हॉटेल मिळून दीडएक लाख आधी तुम्हीच भरणार. परतफेड लांबली आणि कार्डाचं बिल थकलं, तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज. म्हणून आधी अ‍ॅडव्हान्सचा अर्ज करा. नाही मिळाला तर एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तसं उचलायचं कर्ज; साधारणपणे एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं, तेही वापरलेल्या दिवसांपुरतं. मात्र त्यातून कॉलेजचाच खर्च, बागांचा एक रुपयाही नाही.

तिकीट काढताना शुक्रवारच्या आणि सोमवारच्या परतीच्या दरांचे स्क्रीनशॉट एकाच दिवशी घेऊन ठेवा. सोमवारचं महाग निघालं तर फरक तुमचा, स्वस्त निघालं तर हिशेब विभाग गप्प बसेल. रजा लेखी मंजूर करून घ्या. व्हिसाच्या अर्जात आणि विम्यात सोमवारपर्यंतचे सगळे दिवस दाखवा. शेंगेन व्हिसाला, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाला, किमान 30 हजार युरोंचं वैद्यकीय कवच लागतं.

बोनमधलं ओतेल-द्यू चुकवू नका. 1443 साली गरिबांसाठी स्थापन झालेलं हे रुग्णालय. लोकांनी त्याला द्राक्षबागा दान दिल्या. त्या बागांच्या वाइनचा 1859 पासून दर नोव्हेंबरमध्ये लिलाव होतो आणि पैसा आजही रुग्णालयाला जातो. मुद्दल न मोडता उत्पन्नावर चालणारी संस्था बघायला आमच्यासारख्या पैशाचा सल्ला देणाऱ्या माणसानं खरं तर तिकीट काढून जावं. तुम्हाला मातीतलं कळतं, तेव्हा दोन शेजारच्या वाफ्यांच्या वाइनचे भाव इतके वेगळे का, हे तिथल्या माणसाला नक्की विचारा. बरगंडीत या वाफ्यांना ‘क्लिमा’ म्हणतात. 2015 पासून ते युनेस्कोच्या यादीत आहेत. बोनहून सांतनेपर्यंत बागांमधून सायकलचा रस्ता आहे, गाईडपेक्षा स्वस्त.

पैसे फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधीच युरो भरून ठेवलेल्या कार्डावर न्या. साध्या क्रेडिट कार्डावर चलनबदलाचं साडेतीन टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी गेला, तर 87 हजारांवर साडेतीन हजार उडतात. दुकानातल्या मशीननं ‘रुपयांत घेऊ का?’ विचारलं तर युरोच निवडा, रुपयांतला दर त्यांचा असतो. आणि बाटल्या दोनच. भारतात परतताना दारूची करमुक्त मर्यादा 2 लिटर आहे, 750 मिलिलिटरची तिसरी घेतलीत की ती ओलांडली. त्या चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा, एक मिस्टरांच्या नावानं.