ज्येष्ठांची चालण्याची गती मोजताना

चार मीटरच्या चाचणीसाठी निदान सहा मीटर मोकळी, सपाट जागा घ्या. चिकटपट्टीने चार मीटर अंतरावर दोन खुणा करा. शेवटच्या खुणेच्या पुढेही मीटरभर चालायला सांगा. नाहीतर आजी-आजोबा रेषेजवळ आल्यावर पाय आखडतात आणि गती उगाच कमी येते. "भरभर चाला" म्हणू नका, "बाजारात जाता तसं, नेहमीच्या चालीनं" म्हणा. काठी असेल तर असू द्या, फक्त नोंदवा. दोन खुणांमधला वेळ दोनदा मोजा, त्यातला कमी वेळ धरा. ५ सेकंद म्हणजे ०.८ मीटर प्रतिसेकंद. याहून मंद चाल असेल तर लक्ष द्यायला हवं. तुम्ही बाजूने, अर्धं पाऊल मागे राहा. पुढे गेलात तर ते तुमच्या चालीनं चालतात!

मनःस्थितीची प्रश्नावली विचारताना मात्र मुला-सुनेला प्रेमाने बाहेर बसवा. त्यांच्यासमोर "एकटं वाटतं का?" विचारलं, तर "छे, सगळं छान आहे" हेच ऐकू येईल.