झेल गेला, तरी सरासरी जागच्या जागी

प्रश्न : बेसबॉलच्या सामन्यात फलंदाजाने उंच मारलेला चेंडू झेलला गेला आणि तो बाद झाला. तरीही संघाला धाव मिळाली आणि त्याची सरासरीही घटली नाही. समालोचकांनी याला ‘सॅक्रिफाइस फ्लाय’ म्हटले. हा काय प्रकार आहे?

उत्तर : क्रिकेटमध्ये फलंदाज झेलबाद झाला की त्या चेंडूवर पळून काढलेली धाव धरत नाहीत. बेसबॉलमध्ये मात्र झेलानंतरही खेळ चालू राहतो; बेसवरच्या (धावण्याच्या मार्गातल्या थांब्यावरच्या) धावपटूने चेंडूला क्षेत्ररक्षकाचा स्पर्श होईपर्यंत आपला बेस सोडायचा नाही, एवढीच अट असते. त्यामुळे तिसऱ्या बेसवरचा धावपटू एक पाय बेसला टेकवून, क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्यावर नजर लावून थांबतो आणि चेंडू मोज्यात पडताच होम प्लेटकडे (फलंदाज उभा असतो त्या शेवटच्या बेसकडे) सुटतो. फेक येण्याआधी तो पोहोचला, तर धाव होते; फलंदाजाचा असा फटका म्हणजे सॅक्रिफाइस (त्याग) फ्लाय. अर्थात, त्या झेलाने डावातला तिसरा गडी बाद होत असेल, तर डावच संपतो आणि धाव मिळत नाही.

फलंदाजाची सरासरी म्हणजे हिट्स (ज्या फटक्यांवर तो स्वतः सुखरूप बेसवर पोहोचतो) भागिले ॲट-बॅट (सरासरीसाठी धरल्या जाणाऱ्या त्याच्या फलंदाजीच्या पाळ्या). सॅक्रिफाइस फ्लाय ॲट-बॅटमध्ये धरतच नाहीत, म्हणून ५०० ॲट-बॅटमध्ये १५० हिट्स असलेल्याची .३०० ही सरासरी तशीच राहते. मात्र धावपटू दुसऱ्या बेसवरून नुसता तिसऱ्यावर गेला, तर ही सवलत नाही.

ही सवलत पूर्वी अधूनमधून दिली आणि काढली गेली; १९५४पासून ती कायम आहे. अमेरिकी फलंदाज टेड विल्यम्स यांनी १९४१मध्ये ४५६ ॲट-बॅटमध्ये १८५ हिट्स करून .४०६ची सरासरी गाठली, तेव्हा ही सवलत नव्हती. हंगामाच्या शेवटच्या दिवशी खेळ सुरू होण्याआधी त्यांची सरासरी .३९९५५ होती, म्हणजे पूर्णांकनाने .४००, न खेळता ती राखता आली असती, पण ते फिलाडेल्फियात त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळले आणि त्यांनी ८ ॲट-बॅटमध्ये ६ हिट्स केले.

माझ्या मते ही सवलत जरा जास्तच उदार आहे. सॅक्रिफाइस बंटमध्ये फलंदाज चेंडू मुद्दाम हळूच टेकवतो, तिथे त्याग उघड दिसतो. उंच फटका मारणारा बहुधा हिटच्याच शोधात असतो. नियमकर्त्यांनाही हा फरक मान्य असावा, कारण फलंदाज किती वेळा बेसवर पोहोचला हे सांगणाऱ्या टक्केवारीत सॅक्रिफाइस फ्लाय त्याच्या विरोधात मोजतात, बंट मोजत नाहीत. तसेच एखाद्या सामन्यात फलंदाजाच्या नावावर एकही हिट नसून फक्त सॅक्रिफाइस फ्लाय असेल, तर त्याची सलग सामन्यांतील हिट्सची मालिका तुटते. फक्त बंट असेल, तर ती टिकते.