देवघरात नाही, मोरीत

पत्र सातारा जिल्ह्यातून आलंय. लिहिणारीचं वय 41. चौदा महिन्यांपूर्वी नवरा हार्ट अटॅकने अचानक गेला. घर माळकरी, सासूबाई वारी करणाऱ्या. पत्रातला मुख्य भाग असा:

‘हे गेल्यापासून मी देवापुढे दिवा लावलेला नाही. हात जोडले तरी आत काहीच होत नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, देव आपल्या माणसांचीच परीक्षा बघतो. सत्यनारायणाला जाऊबाईंनी मला आरतीच्या वेळी मागे उभं राहायला लावलं. सासूबाई म्हणतात, यंदा माझ्याबरोबर पंढरपूरला चल. यांचा डबा मी अजून रोज रात्री घासून पालथा घालते. परवा मोरीत डबा घासता घासता रडू कोसळलं आणि कुणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं. बोललं कुणी नाही. पण त्या रात्री कितीतरी दिवसांनी मी सलग पाच तास झोपले. तो देव होता, की माझं डोकं फिरायला लागलंय?’

माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

डोकं फिरलेलं नाही. जवळचं माणूस गेलं की अशी चाहूल पुष्कळांना लागते. हसतील म्हणून कुणी बोलत नाही इतकंच. तो देव होता का, हे मात्र मला सांगता यायचं नाही. जो छातीठोकपणे ‘होता’ म्हणेल, त्याला दक्षिणा देऊ नकोस. ‘नव्हता’ म्हणणाऱ्याचंही फार मनावर घेऊ नकोस.

परीक्षेचं ते वाक्य ऐकलं की माझं डोकं तडकतं. परीक्षा घेणारा मास्तर निदान विषय तरी सांगतो! तुझ्या घरी गाथा असेलच. त्यात ‘याति शूद्र वैश केला वेवसाव’ हा अभंग काढ. तुकोबांनी स्वतःची कहाणी स्वतः सांगितलीय. 1630च्या सुमाराचा दुष्काळ, आईबाप आधीच गेलेले, व्यापार बुडालेला. बायको कशी गेली? ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.’ बस, एवढंच. देवाची इच्छा होती, परीक्षा होती, असं काही त्या ओळीला चिकटवलेलं नाही. जे झालं ते झालं तसं सांगितलंय, आणि लाज वाटली हेही लपवलेलं नाही.

पुढची ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते: ‘देवाचें देऊळ होतें जें भंगलें.’ ते पडकं देऊळ नीट करावं असं त्यांच्या मनात आलं. घर मोडलेला माणूस दगडमातीच्या कामाला लागला. नंतर एकादशीला कीर्तन करू लागले, तर तिथेही कबुली आहेच, ‘नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं.’ म्हणजे चित्त लागत नव्हतं, तरी हात चालू होते. आधी भक्ती दाटून आली आणि मग काम सुरू झालं, असं तिथे घडलेलं नाही.

म्हणून देवापुढे काही होत नाही याची अपराधी बोच सोडून दे. तुझे हात सध्या डब्यावर चालतात, तर तिथेच चालू देत. तो डबा टाकून दे, कुणाला तरी देऊन टाक, असं सांगणारे भेटतील. तुला वाटेल तेव्हा दे. राग आला तर विठोबाला तोंडावर बोल. जनाबाईने ‘अरे विठ्या’ म्हणत त्याला शिव्या घातल्यात आणि संप्रदायाने त्या प्रेमाने जपल्यात. तुझ्या दोन-चार शिव्यांनी तो बाटणार नाही.

जाऊबाईंच्या वागण्याचा मात्र देवाशी काही संबंध नाही, तो माणसांचा कारभार आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने 2022 साली विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, सरकारने त्याच महिन्यात इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. पुढच्या आरतीला पुढे उभी राहा. भांडू नकोस, नुसती उभी राहा.

झोपेचं मी हलक्यात घेत नाही. ‘कितीतरी दिवसांनी पाच तास’ हे वाचून काळजी वाटली. या आठवड्यात डॉक्टरांना भेट. जगणं नको असं मनात आलं, तर त्याच क्षणी टेली-मानसच्या 14416 वर फोन कर; सरकारी सेवा आहे, रात्रीही चालू असते, पैसे पडत नाहीत. त्याने श्रद्धेला काही बाध येत नाही.

राहिली वारी. नवस, मागणं काही न घेता जायचं असेल तर जा, दर्शनाच्या रांगेत उभं राहवलं नाही तर कळसाला हात जोडून परत ये. कितीतरी वारकरी तेवढंच करतात. नसेल जायचं तर स्पष्ट नाही म्हण.

पण तुझ्या अख्ख्या पत्रात एक गोष्ट आलेलीच नाही. सासूबाईंचाही मुलगा गेलाय. तरी त्या यंदा निघाल्यात, आणि एकट्याने नव्हे, तुला घेऊन. त्या विठ्ठलाशी काय बोलतात, हे एकदा रात्री डबा घासून झाल्यावर त्यांच्याजवळ बसून विचार. काय म्हणाल्या ते मला कळव.

तुझी,
मावशी