वाचकांचे प्रश्न : चेंडू झोळीत टिकत नाही

प्रश्न : नऊ ते अकरा वर्षांची वीस मुले माझ्याकडे लॅक्रोस, म्हणजे टोकाला जाळीची झोळी असलेल्या काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याचा खेळ, शिकायला येतात. मी स्वतः हॉकी खेळले आहे, लॅक्रोस मात्र उशिरा शिकले. सुरुवातीला क्रेडलिंग (चेंडू झोळीत टिकावा म्हणून काठी झुलवत राहणे), मग फेकणे आणि झेलणे, शेवटी जमिनीवरचा चेंडू उचलणे, असा क्रम मी ठेवला होता. तीन आठवडे झाले तरी चेंडू बहुतेक वेळ जमिनीवरच असतो, पळताना तो झोळीतून उडून जातो आणि समोरासमोर दोन रांगा करून फेकाफेक घेतली की मुले कंटाळतात. माझे नेमके कुठे चुकते आहे?
— एक क्रीडाशिक्षिका

उत्तर : चेंडू बहुतेक वेळ जमिनीवरच असतो, हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिले आहे, पण शिकवण्याचा क्रम ठरवताना याच निरीक्षणापासून सुरुवात करायला हवी होती, असे मला वाटते. नवशिक्यांच्या खेळात दहापैकी आठ फेकी कोणी झेलत नाही, हे आपण गृहीतच धरावे. अशा वेळी ज्या मुलाला जमिनीवरचा चेंडू उचलता येतो ते पहिल्याच दिवशी खेळात उतरते आणि ज्याला फक्त झेलता येते ते चेंडूची वाट पाहत उभे राहते. म्हणून आधी उचलणे, मग घेऊन पळणे, त्यानंतर फेकणे आणि सर्वांत शेवटी झेलणे, असा क्रम ठेवून पाहा.

उचलण्यातली नेहमीची चूक म्हणजे मूल चेंडूपाशी येऊन थांबते, कमरेतून वाकते आणि काठी उभी धरून चेंडूवर टोचते. काठीचे डोके, म्हणजे झोळी बांधलेली चौकट, जमिनीत अडकते आणि दांड्याचे मागचे टोक थेट पोटात बसते. एकदा असे लागले की ते मूल पुढच्या वेळी चेंडूजवळ जायलाच बिचकते. त्याऐवजी चेंडूच्या बाजूला पाऊल टाकायला सांगावे, गुडघे वाकवून मागचा हात इतका खाली न्यावा की बोटांना गवत लागावे, आणि दांड्याचे टोक पोटासमोर न ठेवता अंगाच्या कडेला ठेवावे. काठी अशी आडवी झाली की तिचे डोके चेंडूच्या वीतभर अलीकडे जमिनीला टेकवून पुढे सरकवता येते आणि चेंडू आपोआप आत येतो. मात्र पाय थांबता कामा नयेत. चेंडू उचलल्यानंतर आणखी पाच पावले पळून मगच वळायचे, हा नियम मी सुरुवातीचे कित्येक दिवस सोडत नाही. काठीने चेंडू स्वतःकडे ओढून घेण्याची सवय हॉकी खेळलेल्यांना लवकर लागते. तसे करणे नियमबाह्य नाही, पण ओढणारे मूल जागीच अडकते आणि तेवढ्यात प्रतिस्पर्धी येऊन पोहोचतो.

आता क्रेडलिंग. पाण्याने भरलेली बादली गोल फिरवली तर पाणी सांडत नाही, कारण पाणी सरळ रेषेत जाऊ पाहते आणि बादलीचा तळ त्याला सतत आत वळवत राहतो. झोळीतल्या चेंडूचेही तसेच आहे. काठी कमानीत झुलत राहते तोवर तो झोळीला दाबून बसतो. मुले मात्र ही हालचाल खांद्यातून करतात, कारण चेंडू पडेल या भीतीने त्यांनी दांडा घट्ट आवळलेला असतो. बोटांची पेरे पांढरी दिसली की समजावे, हे मूल आता काठी झाडणार आणि चेंडू उडणार. वरच्या हाताची बोटे सैल ठेवून मनगट आत-बाहेर वळवायचे, आणि खालच्या हाताने दांड्याचे टोक नळीसारखे नुसते वेढायचे, म्हणजे दांडा त्यात फिरू शकतो. जागेवर उभे राहून पाच मिनिटे काठी झुलवण्याचा सराव मला फारसा उपयोगी वाटत नाही. त्यापेक्षा चौकोन आखून सर्वांना चेंडू घेऊन आत पळू द्या आणि दोघा-तिघांना रिकाम्या हाताने पाठलाग करायला सांगा. काठी पाठलाग करणाऱ्यापासून दूर कशी ठेवायची, हे मुले आपोआप शिकतात.

फेकताना वरचा हात दांड्याच्या मध्यापर्यंत खाली सरकवावा, विरुद्ध पाय पुढे टाकावा, वरच्या हाताने ढकलत असतानाच खालच्या हाताने ओढावे आणि शेवटी काठीचे डोके लक्ष्याकडे रोखलेले राहावे. चेंडू आकाशात गेला तर तो लवकर सुटला; पायाशी आदळला तर उशिरा सुटला किंवा झोळी फार खोल आहे. चेंडू पडू नये म्हणून पालक कौतुकाने झोळी खोल करून देतात आणि मग तो फेकतानाही बाहेर पडत नाही. पुरुषांच्या खेळातील नियम इथे मापासारखा वापरता येईल : काठी आडवी धरून बाजूने पाहिल्यास चेंडूचा वरचा भाग डोक्याच्या कडेच्या खालच्या रेषेखाली जाता कामा नये. दांड्याची लांबीही तपासा. मोठ्यांची आखूड काठी साधारण 102 ते 107 सेंटिमीटरची असते. लहान मुलाने खालचा हात टोकाशी ठेवला की ती त्याला आवरत नाही. तुमच्या स्पर्धेच्या नियमांत बसत असेल तर दांडा कापून घ्यावा.

झेलताना मुले माशी मारल्यासारखी काठी चेंडूवर मारतात. काठीचे डोके कानाजवळ ठेवून चेंडू येताच ते थोडे मागे न्यायचे, म्हणजे चेंडू आदळत नाही, विसावतो. सुरुवातीला तीन मीटरवरून तुम्हीच हाताने अलगद चेंडू द्या.

दोन रांगांचा हिशेब मांडून पाहा. एकच चेंडू आणि दर पाच सेकंदांनी एक फेक धरली, तर दहा मिनिटांत 120 फेकी होतात आणि वीस मुलांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला सहा येतात. दहा जोड्या आणि दहा चेंडू असतील तर त्याच वेळात प्रत्येकाला साठ मिळतात. मुले का कंटाळतात, हे एवढ्यावरून कळते.

प्रश्न : सरावासाठी टेनिसचा चेंडू चालेल का? आणि दुसरा हात कधीपासून वापरायचा?
— एक पालक

उत्तर : लॅक्रोसचा चेंडू भरीव रबराचा आणि सुमारे 142 ग्रॅम वजनाचा असतो, तर टेनिसचा जेमतेम 58 ग्रॅमचा. हेल्मेट नसताना झेलण्याच्या पहिल्या सरावाला टेनिसचा चेंडू ठीक आहे, पण तो झोळीतून उसळतो आणि हलका असल्याने क्रेडलिंग करताना चेंडू आत कुठे आहे, हे हाताला जाणवत नाही. मूळ वजनाच्या जवळ जाणारा मऊ सरावचेंडू मिळाला तर तोच घ्यावा. दुसरा हात पहिल्या आठवड्यापासून वापरू द्यावा; मात्र फेकण्यापासून नव्हे, तर उचलण्यापासून सुरुवात करावी, कारण उचलताना डाव्या-उजव्यातला फरक मुलांना सर्वांत कमी जाणवतो. भिंतीपासून तीन-चार मीटरवर उभे राहून उजव्या हाताने वीस आणि डाव्या हाताने वीस फेकी, हा पुढचा टप्पा. डाव्या हाताच्या फेकी निम्म्याच लागल्या तरी आकडा कमी करू नये, अंतर कमी करावे.